बीचबॉलचा एलियन आणि सात हजार डॉलरचं टाइम मशीन

गेल्या अंकात मी बोलता बोलता 'डार्क स्टार' या १९७४ च्या अमेरिकन पिक्चरचं नाव घेतलं आणि कमी पैशात केलेले असले सायफाय, म्हणजे विज्ञानकथेचे, पिक्चर मला मनापासून आवडतात असं एक वाक्य टाकून पुढे गेलो, तर त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली, काही चिडून काही प्रेमाने. म्हणून यावेळचं सगळं पान याच विषयाला देतोय.

प्रश्न : तुमचं ऐकून रविवारी 'डार्क स्टार' लावला. अंतराळयानात एलियन येतो म्हणून सगळे सरसावून बसलो तर आला काय, चक्क समुद्रावर खेळतात तो हवेचा बॉल आणि त्याला खाली दोन पंजे! घरचे सगळे हसले, मीही बंद केला. यात कल्ट, म्हणजे मोजके लोक वेड्यासारखं प्रेम करतात असा पिक्चर, म्हणण्यासारखं नक्की काय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घरचे हसले ना, मग पिक्चरने आपलं काम केलं, कारण तो सीन हसण्यासाठीच आहे. पण तुम्ही बंद केलात तो नेमका चुकीच्या जागी, अजून दहा मिनिटं थांबायला हवं होतं.

आधी हा पिक्चर कसा झाला ते सांगतो. जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन ही दोन पोरं लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियामध्ये सिनेमा शिकत होती आणि १९७० मध्ये त्यांनी स्टुडंट फिल्म म्हणून हे सुरू केलं, मग पैसे संपले की थांबायचं, आले की पुढचं शूट करायचं असं करत करत चार वर्षं गेली आणि शेवटी एका निर्मात्याने अजून थोडे पैसे घालून तो थिएटरात लावला. सगळा खर्च साधारण ६० हजार डॉलर. आता याच्या सहा वर्षं आधी स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१' हा अंतराळाचा पिक्चर येऊन गेलेला, त्याचा खर्च एक कोटी डॉलरच्या वर, म्हणजे अंतराळ दाखवायचं तर असं दाखवायचं हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अशा वेळी ६० हजारात अंतराळ काढायचं म्हणजे काय हिंमत लागते बघा.

मग या दोघांनी काय केलं, तर त्यांनी भव्यतेचा नादच सोडला. कुब्रिकचं यान पांढरंशुभ्र चकचकीत, तर यांचं यान म्हणजे चार-पाच कंटाळलेल्या बॅचलरांची खोली. दाढ्या वाढलेल्या, कपडे लोळतायत, वीस वर्षं एकाच कामावर आहेत, काम काय तर पुढे वस्ती करायला अडचण होईल असे अस्थिर ग्रह बॉम्ब टाकून उडवायचे. यानातला टॉयलेट पेपरसुद्धा संपलाय. कॅप्टन मेलाय पण त्याला बर्फात गोठवून ठेवलंय आणि अडलं की त्याला सल्ला विचारायचा. हे सगळं अरुंद, अंधाऱ्या, कोंदट सेटवर घडतं, कारण मोठा सेट परवडत नव्हता, पण झालं काय की त्या अरुंदपणामुळेच त्या माणसांचा कंटाळा आणि एकटेपणा आपल्याला खरा वाटायला लागतो. होस्टेलवर चार वर्षं काढलेल्या कुणालाही ती खोली लगेच ओळखू येईल.

आता तुमच्या त्या बॉलकडे येतो. पिनबॅक नावाचा एक जण तो एलियन पाळायला म्हणून यानात घेऊन आलेला असतो, तो पळतो, आणि त्याला पकडायच्या नादात पिनबॅक लिफ्टच्या विहिरीत लोंबकळतो. ही विहीर बघताना पोटात गोळा येतो, प्रत्यक्षात ती उभी नव्हतीच, जमिनीवर आडवी बांधलेली होती आणि पिनबॅक झालेला ओबॅनन स्वतः (हो, लेखन, एडिटिंग, इफेक्ट आणि अभिनय, सगळीकडे तोच!) आडवा पडून आपण लटकतोय असा अभिनय करतोय. हे एकदा कळलं की तो सीन परत बघा. वजन कुठे पडतंय, हात कुठे थरथरतायत, श्वास कसा लागतोय, सगळं त्या माणसाने नुसत्या शरीराने केलंय. मी हा सीन किती वेळा बघितलाय मलाच माहीत नाही आणि दर वेळी खाली पडणार असंच वाटतं.

आणि शेवटाकडे एक बोलणारा बॉम्ब आहे. तो यानाला चिकटून बसतो आणि फुटायचंच म्हणतो, तेव्हा त्याला थांबवायला एक जण बाहेर तरंगत जाऊन त्याच्याशी तत्त्वज्ञान बोलतो, की बाबा रे, तुला फुटायची ऑर्डर मिळाली हे तुला कशावरून कळलं, तुझी ज्ञानेंद्रियं खरं सांगतायत कशावरून. यात इफेक्ट शून्य, फक्त दोन आवाज, आणि त्याच्याइतका ताण मला कोट्यवधींच्या स्फोटांत क्वचित मिळालाय. पुढे काय होतं ते सांगत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. तो बॉल बघून थिएटरात प्रेक्षक ओबॅननला हवे होते तितके हसले नाहीत, म्हणून त्याने ठरवलं की असाच यानात शिरलेला एलियन घेऊन लोकांना घाबरवून बघू, आणि त्यातून पुढे १९७९ चा 'एलियन' निघाला! त्याची पटकथा ओबॅननचीच, आणि 'डार्क स्टार'च्या यानाचं डिझाइन करणारा रॉन कॉब तिथेही होता. म्हणजे जगाला घाम फोडणाऱ्या त्या प्राण्याचा आजोबा हा बीचबॉल आहे.

प्रश्न : कल्ट म्हणजे शेवटी 'इतका वाईट की मजा येते' असंच ना? मित्रांबरोबर बसून टिंगल करायची. मग त्याला एवढं डोक्यावर का घ्यायचं? (ठाणे)

उत्तर : हसायला माझी काहीच हरकत नाही, हसू येतंच. पण फक्त टिंगल करायची असेल तर एक पिक्चर पुरे झाला, लोक पन्नास-साठ वर्षं त्याच त्याच पिक्चरकडे परत का येतात?

उदाहरण म्हणून 'रोबॉट मॉन्स्टर' घ्या, १९५३ चा. नावात रोबो आहे पण रोबोचा ड्रेस करायला पैसे नव्हते, तर दिग्दर्शक फिल टकरने काय केलं, जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे गोरिलाचा स्वतःचा ड्रेस होता त्याला बोलावलं आणि वर पाणबुड्याचं हेल्मेट घातलं, झाला परग्रहावरचा राक्षस. चार दिवसांत शूटिंग उरकलं, लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅनियनमध्ये. हे वाचून हसू येतं, पण पिक्चर बघताना मध्येच एक क्षण येतो, हा केसाळ राक्षस मालकाचा हुकूम आणि स्वतःला एका मुलीबद्दल वाटणारी ओढ यात अडकतो आणि स्वतःशीच बोलतो, आणि तिथे अचानक वाईट वाटतं हो त्याच्याबद्दल. शिवाय संगीत ऐका, एल्मर बर्नस्टीनचं आहे, ज्याने नंतर 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला संगीत दिलं. तेव्हा त्याला मोठी कामं मिळत नव्हती, पण गोरिलाचा पिक्चर आहे म्हणून त्याने हात आखडता घेतला नाही.

आणि 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस', एड वूडचा, ज्याला १९८० मध्ये जगातला सगळ्यात वाईट सिनेमा असा किताब एका पुस्तकाने देऊन टाकला. थडगी हलतात, एकाच सीनमध्ये दिवस आणि रात्र दोन्ही, सगळं खरं आहे. बेला लुगोसी हा जुन्या 'ड्रॅक्युला'चा नट, त्याचे काही मिनिटांचे मूक शॉट वूडकडे होते आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये लुगोसी वारला. दुसरा कुणी असता तर ते शॉट कपाटात गेले असते. वूडने बायकोच्या ओळखीतला एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचे मणके बसवणारा, त्याला उभा केला, तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच, मग झगा तोंडावर धरून चालायला लावलं. पैसे बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून आणले. मला यात एक माणूस दिसतो ज्याला आपल्या म्हाताऱ्या मित्राला शेवटचं एकदा पडद्यावर आणायचंय आणि त्यासाठी जे हाताला लागेल ते तो वापरतोय. त्याच्याकडे कौशल्य कमी होतं हे मी कबूल करतो, पण त्याने चेष्टा म्हणून काहीही केलं नाही, एकही फ्रेम नाही.

इथेच माझी रेघ आहे. हल्ली मुद्दाम वाईट करतात ना, वादळातून शार्क पडतायत वगैरे, आम्हाला माहितेय हे फालतू आहे आणि तुम्हालाही माहितेय असं डोळा मारत मारत, ते मला अजिबात बघवत नाहीत. पैसे कमी आहेत म्हणून कुठलाही पिक्चर गोड होत नाही, स्वस्त आणि आळशी पिक्चर ढिगाने आहेत. बनवणाऱ्याला ते सगळं खरंच हवं होतं का, हे पडद्यावर कळतं, आणि तो हवंपणा मला खेचून घेतो.

प्रश्न : 'प्रायमर' हा टाइम मशीनचा पिक्चर तीनदा बघितला, काही कळत नाही. ते मशीन चालतं कसं तेवढं सोप्या शब्दात सांगा प्लीज. (पिंपरी-चिंचवडचा एक इंजिनिअर)

उत्तर : तीनदा बघून न कळणं नॉर्मल आहे, मला पाचव्यांदा थोडं हाती लागलं.

बाकीच्या पिक्चरमध्ये टाइम मशीन म्हणजे तारीख टाकली की गेलो. इथे तसं नाही. इथे तो एक डबा आहे आणि नियम असा की तुम्ही मागे जाल ते फक्त डबा चालू केला त्या क्षणापर्यंतच, आणि जितका वेळ मागे जायचंय तितका वेळ आत बसून काढायचा. समजा सकाळी ९ ला डबा चालू केला. मग तुम्ही गावाबाहेर हॉटेलच्या खोलीत जाऊन दिवसभर गप बसायचं, फोन नाही, कुणाला भेटायचं नाही, फक्त शेअर बाजारात कुठला शेअर वर गेला ते बघून ठेवायचं. दुपारी ३ ला परत यायचं, डब्यात शिरायचं, आत ६ तास पडून राहायचं, आणि बाहेर पडलात की सकाळचे ९ वाजलेत. आता त्या सकाळी तुम्ही दोन आहात, एक हॉटेलकडे निघालेला आणि एक शेअर घ्यायला निघालेला. म्हणून तो पहिला हॉटेलात कोंडून घेतो, चुकून समोरासमोर यायला नको. दुपारी ३ ला पहिला डब्यात शिरला की परत तुम्ही एकटे उरता. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पहिला तास सगळा कळतो. गडबड होते ती पुढे, कुणीतरी आधीच एक वेगळा डबा चालू करून ठेवलेला असतो तिथे, आणि ते मात्र कागद-पेन घेऊन बसायचं काम आहे.

आता हे केलं कशात तर ७ हजार डॉलरमध्ये. शेन करूथ, गणित शिकलेला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केलेला, त्यानेच लिहिलं, दिग्दर्शन केलं, एडिट केलं, संगीत दिलं आणि मुख्य कामही केलं, डलासमध्ये, गॅरेजमध्ये आणि भाड्याच्या गोदामात. सुपर १६ फिल्मवर, म्हणजे रिळावर, शूट केलं, आणि फिल्म महाग, त्यामुळे आधी तालीम करून करून घोटून घ्यायचं आणि मग शक्यतो एकाच टेकमध्ये संपवायचं. म्हणूनच मशीन बनवणारे ते दोघे मित्र बोलतात ते ऑफिसातल्या दोन इंजिनिअरांसारखं, एकमेकांचं वाक्य तोडत, प्रेक्षकाला समजावून न सांगता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी प्राइज याला मिळालं. डबा साधा करड्या रंगाचा, ना लाइट ना धूर, आणि मला आजही सगळ्यात खरं वाटणारं टाइम मशीन तेच आहे, कारण ते कुणीतरी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बनवलेल्या वस्तूसारखं दिसतं.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? जुनं ब्लॅक अँड व्हाइट फारसं झेपत नाही. (नागपूर)

उत्तर : मग सरळ जपानचा 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स' लावा, २०२० चा, ७० मिनिटांचा, क्योतोच्या एका नाटक मंडळीने मोबाइलवर शूट केलेला. कॅफेवाल्याच्या खोलीतल्या स्क्रीनवर दोन मिनिटं पुढचं दिसतं, बस, एवढीच कल्पना, आणि त्यातून काय काय काढलंय! मग 'कोहिरन्स', २०१३ चा, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत केलेला, नटांना पूर्ण संवाद दिलेच नव्हते, रोज फक्त आपापल्या पात्रापुरत्या चिठ्ठ्या मिळायच्या, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बऱ्याचदा खरा आहे. कॅनडाचा 'क्यूब' (१९९७) थोडा रक्ताळ आहे पण बघाच, हजारो खोल्यांचा चक्रव्यूह दिसतो आणि खोली मुळात एकच बांधलेली, फक्त भिंतींचा रंग बदलत राहिले.

आणि ब्लॅक अँड व्हाइट झेपत नाही म्हणताय तरी एक अपवाद करा, 'ला जेते', फ्रान्स, १९६२, क्रिस मार्करचा. २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा, नुसते फोटो आणि निवेदन. त्यात एकाच ठिकाणी चित्र हलतं, झोपलेली बाई डोळे उघडते. तेवढ्यासाठी बघा.

प्रश्न : हे सगळं अमेरिका-जपान झालं. आपल्याकडे असं काही का होत नाही? मराठी माणसाला विज्ञानकथा आवडत नाही का? (डोंबिवली)

उत्तर : आवडते हो. पिक्चर कमी झाले हे खरं, पण आवड नाही हे मला मान्य नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातच मालेगाव आहे. यंत्रमागांचं गाव, आणि तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी आधी 'मालेगाव के शोले' केला, मग थेट 'मालेगाव का सुपरमॅन'! सुपरमॅन झाला शफीक, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडी, पण उडायला तयार. बैलगाडीची क्रेन, सायकलवर कॅमेरा, हिरव्या पडद्यासमोर आडवा करून उडवलेला हिरो. हे सगळं फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपलेलं आहे आणि तो मी दर वर्षी एकदा बघतो. शफीक पुढे कॅन्सरने गेला. त्या पोराचा तो लाल झगा आणि काटकुळे हात बघताना वूडचा तो झगा आठवतो, आठ हजार मैलांवरचा आणि अर्ध्या शतकाआधीचा, आणि दोघांमधला जिव्हाळा मला सारखाच वाटतो. हिंदीत आरती कडव यांचा 'कार्गो' पण बघा, पुष्पक नावाचं यान आणि त्यात मेलेल्या माणसांना पुढच्या जन्माला पाठवणारा एक राक्षस कर्मचारी, म्हणजे आपल्याच पुराणातली माणसं अंतराळात सरकारी नोकरीला लागलीयत. जुन्या टीव्हीसारखी दिसणारी ती बटणं आणि डबे मला फार आवडले.

आणि कथांचं म्हणाल तर आपल्याकडे खजिना पडलाय. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ते होते जयंत नारळीकर! स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि बक्षीस कथेलाच मिळालं. अशा कथांना मोठे इफेक्ट लागतच नाहीत, दोन चांगले नट, एक प्रयोगशाळा आणि गळ्याशी येणारी एक शक्यता. आपल्या प्रायोगिक नाटकवाल्यांना एका खाटेवर आणि दोन खुर्च्यांवर अख्खं घर उभं करायची सवय आहे, त्यांनी एकदा यान उभं करून बघावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. गणपतीच्या मखरातले पुठ्ठे घेऊन त्याने यान बनवलंय आणि मोबाइलवर पिक्चर काढतोय. अभ्यास सोडून हे चाललंय म्हणून घरात वाद आहेत. पण मला त्याचं यान आवडलं. त्याचं म्हणणं, शूट केल्यावर ते खेळण्यासारखं दिसतं. काय करता येईल? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अभ्यासाचा वाद तुमच्या घरचा, त्यात मी पडत नाही, पण यानाचं काहीतरी करू.

खेळण्यासारखं दिसतं त्याचं मुख्य कारण वेग. छोटी वस्तू हलते-पडते ती पटकन, मोठी वस्तू सावकाश, आणि डोळ्याला हे बरोबर कळतं. म्हणून स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. त्यात गणितही आहे, तो आठवीत आहे म्हणजे त्याला वर्गमूळ येतं. मॉडेल खऱ्या यानाच्या पंचविसाव्या भागाइतकं असेल तर २५ चं वर्गमूळ ५, म्हणून ५ पट सावकाश दाखवायचं. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, पाच पट म्हणजे १२०, आणि १२० फ्रेमचा स्लो मोशन आता बऱ्याच मोबाइलमध्ये असतो. घरात वाद घालणाऱ्यांना हे गणित दाखवा.

लाइट एकाच बाजूने, एकच टेबल लॅम्प, ट्यूबलाइट बंद. अंतराळात सावली काळीकुट्ट असते, आणि काळ्या सावलीत पुठ्ठ्याचे जोड लपतात हा फायदा वेगळाच. कॅमेरा खाली, यानाच्या पोटाशी, वरून शूट केलं की खेळणंच दिसणार. मागे काळा जाड कापड, त्याला सुईने भोकं, पलीकडे बल्ब, झाले तारे. आणि पुठ्ठा नुसता रंगवून सोडू नका, त्यावर जुन्या पेनांची टोपणं, बिघडलेल्या रिमोटचे तुकडे, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं चिकटवून मग सगळ्यावर एकच रंग मारायचा, यान लगेच मोठं वाटायला लागतं. आवाज मात्र नंतर वेगळा रेकॉर्ड करा, मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, यांचे आवाज सावकाश करून ऐका, घरातच अख्खं इंजिन रूम सापडेल.

आणि स्वयंपाकघर थोडं सोडावं लागेल याची तयारी ठेवा. न्यूझीलंडचा पीटर जॅक्सन, ज्याने पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' केला, तो वर्तमानपत्रात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी चार वर्षं आपला पहिला एलियनवाला पिक्चर करत होता आणि एलियनचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजत होता. 'बॅड टेस्ट' त्याचं नाव, १९८७ चा. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा, पिक्चर मात्र आत्ता दाखवू नका, फारच रक्तबंबाळ आहे, कॉलेजात गेला की त्याचा तो बघेल.